तीन सडांचं दूध

हे लिहिणार नव्हतो. परवापासून चार वेळा टाईप केलं, चार वेळा पुसलं. आत्ता हॉस्टेलच्या जिन्यात बसलोय, दुपारचे अडीच वाजलेत. थांबलो तर पाचव्यांदा पुसेन, म्हणून सलग लिहितो. चुका असतील. असूदेत.

सहा वर्षं झाली. फेब्रुवारी होता. कोल्हापुरात, मल्लूच्या गोठ्यात मी उकिडवा बसलेलो आणि पुतळीची कास माझ्या तळहातावर होती.

"दगड झालाय बघ," मल्लू म्हणाला. "सकाळपासनं बघालोय. मागचा उजवा. हात लावू दिना."

पुतळी म्हणजे मल्लूची म्हैस. मल्लू माझा शाळेपासूनचा दोस्त, गवळ्याचा पोरगा. बाप लवकर गेल्यावर नववीतच धारेला बसला. मी सड दाबला. पिवळट पाणी आलं आणि मागोमाग दह्यासारख्या गुठळ्या. कास तव्यासारखी तापलेली.

"दगडी," मी म्हणालो. म्हणजे कास सुजून दूध नासण्याचा आजार.

"ते मला बी कळतंय. औषध काय?"

ते पण मला ठाऊक होतं. आठ महिने मी पटवेगार मॅडमकडे काम करत होतो. डॉ. शमा पटवेगार, आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर. नीटमध्ये मी दोनदा आपटलो होतो. क्लास नाही, काही नाही. जुन्या बाजारातली पुस्तकं आणि मोबाईलवरचे व्हिडिओ, एवढ्यावर अभ्यास. तिसऱ्यांदा फॉर्म भरणार म्हणून मॅडमना विचारायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "भरायच्या आधी वर्षभर शेणात हात घालून बघ. पुस्तकातलं जनावर लाथ मारत नाही." तेव्हापासून त्यांची पेटी उचलायची, दोर धरायचा, गरम पाणी आणायचं, नंतर बादली विसळायची. तीसेक दगड्या तरी बघितल्या असतील. मानेत सुई द्यायलाही शिकलो होतो, पण त्यांच्यासमोर. नियम एकच होता. "मी समोर नसेन तर सुई नाही."

आणि त्या दिवशी त्या बेळगावला होत्या. भाच्याचं लग्न, दोन दिवस. दवाखान्यात पाय मोडलेलं एक कुत्रं ठेवलेलं, त्याला खायला घालायचं म्हणून किल्ली माझ्याकडे.

"मॅडमना फोन लावतो," मी म्हणालो.

"लाव की."

लावला. रिंग गेली, उचलला नाही. एकदाच लावला. दुसऱ्यांदा लावला नाही, हे पण लिहून ठेवतो.

"परवा येत्यात. तोवर शेक दे."

"परवा? आणि कट्ट्यावर उद्या काय नेऊ, तुला?"

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना कट्टा सांगावा लागेल. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ गवळी म्हशी घेऊन चौकात येतात. गिऱ्हाईक समोर उभं असतं, धार थेट पेल्यात. फेसाळ, कोमट, तिथंच उभ्यानं प्यायचं. प्रत्येक गवळ्याची जागा ठरलेली. मल्लूची जागा त्याच्या आज्यापासूनची. पण कट्ट्यावर कुठलीही म्हैस चालत नाही. हॉर्न, गर्दी, पोरं, आणि त्यात तिनं पान्हा सोडायचा. पुतळी सोडायची. मल्लूच्या बाकीच्या दोघींत एक गाभण होती, आणि दुसरी, जिजी, गर्दी बघितली की लाथ घालायची.

"दोन दिवस जागा मोकळी ठेवली की तिसऱ्या दिवशी तिथं दुसरी म्हैस आसत्या," मल्लू म्हणाला. "तुला ठाऊक हाय."

"मी नाही देत सुई, मल्लू."

"का?"

"मॅडमनी सांगितलंय."

"मग आठ महिने काय झाडू मारालायस व्हय तिथं? कशाला डॉक्टर हुतोस, मर्दा. फॉर्म फाडून टाक."

तो हसत होता. पण मला लागलं. खरं तर त्यानं बोलायच्या आधीच माझे हात शिवशिवत होते. मला करायचंच होतं. कुणीतरी ढकलायची वाट बघत होतो.

दवाखान्यात गेलो. कपाट उघडलं. पेनिसिलीनची बाटली, सिरिंज, सडात सोडायची ट्यूब. परत आलो. आणि सांगतो, मी ते काम चोख केलं. कास धुतली, पुसली, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं तीन वेळा घासलं. ट्यूब सोडली. मानेवर दोन थापट्या मारून सुई घातली, पुतळीनं कान पण हलवला नाही. मल्लूची आई दारात उभी राहून बघत होती. तिनं चहा आणला आणि म्हणाली, "डागदर, च्या घ्या."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'घ्या' म्हणालं होतं.

"दुधाचं काय?" मल्लूनं विचारलं.

मी चहाचा घोट घेतला. जरा वेळ घेऊन, मॅडम घेतात तसा. "हा सड पिळून टाकून द्यायचा. बाकीच्या तिन्हीचं चालतंय."

"नक्की?"

"अरे, चार सड म्हणजे चार वेगळ्या खोल्या. मधे भिंती. ह्यातलं त्यात जात नाही. चित्र दाखवू पुस्तकातलं?"

"नको बाबा," मल्लू म्हणाला. "तू म्हणालास, बास."

चित्र बरोबर होतं. खोल्या वेगळ्याच असतात. फक्त मी मानेत दिलेली सुई विसरलो. ती रक्तात जाते, आणि रक्त चारी खोल्यांत जातं. इतकं साधं. मी दहा मिनिटांपूर्वीच ती स्वतःच्या हातानं दिली होती.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी कट्ट्यावर हजर. माझा पेशंट बघायला. पुतळी शांत उभी, ताप उतरलेला, सूज निम्म्यावर. मी मल्लूकडे बघून भुवया उडवल्या. त्यानं पेंडीचं टोपलं तिच्यापुढं सारलं आणि मला डोळा मारला.

पहिला पेला रोज हिंदुराव वस्तादांचा. बहात्तर वर्षांचे, कान मोडलेले, मागं तालमीची चार पोरं. महिनाभर खोकत होते, पण पहाटेचं दूध चुकवत नव्हते.

"काय इंद्रजित," ते मला म्हणाले, "म्हशींचा डॉक्टर हुणार म्हणं. म्हशीला विचारलंस का?"

पोरं हसली. मी पण हसलो.

"आज तीनच सड रं, मल्लू?"

"एक रजेवर हाय, वस्ताद."

"बघ की! म्हशीला रजा आणि आमाला न्हाई." दोन पेले प्यायले. मिशी पुसली. कुणाशी तरी जोतिबाच्या यात्रेचं बोलत उभे राहिले.

दहा मिनिटं झाली असतील. ते मान खाजवायला लागले. मग दंड. मग बोलता बोलता मधेच थांबले आणि ओठाला हात लावला. ओठ सुजत होता. आमच्या डोळ्यांसमोर सुजत होता. ते कट्ट्याच्या कडेवर बसले, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"वस्ताद? ओ वस्ताद!"

रणधीर नावाच्या तालमीतल्या पोरानं त्यांना लहान पोरासारखं उचललं. रिक्षा. मी आणि मल्लू मागून मोटरसायकलवर. पुतळी तशीच उभी, शेजारच्या गवळ्याला बघ म्हणून सांगितलं.

जवळच एक खाजगी हॉस्पिटल होतं. तरुण डॉक्टर धावत आला, लगेच सुई दिली, ऑक्सिजन लावला. वस्तादांची सून, वैजयंता वहिनी, पाठोपाठ आल्या. गाऊनवरच शाल गुंडाळून.

"काही चावलं का यांना? गांधीलमाशी, काही?"

"ठाऊक न्हाई वो."

"सकाळी काही औषध घेतलं? कुठं सुई वगैरे?"

"न्हाई. दूध पिऊन यायला गेल्यावते निस्तं."

"आधी कधी औषधाची रिअॅक्शन?"

"मागं एकदा पायाला जखम झालीवती, तवा सुई दिल्यावर असंच अंगभर फोड उठल्यावते. कुठली सुई ते न्हाई ठाऊक. कागद हरवला."

पुतळीच्या मानेत दिलेली सुई मला तेव्हा आठवली. मल्लू माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "इंद्र्या, ते काल आपण—"

"गप," मी म्हणालो. मनगट धरलं त्याचं. "गप बस."

तो गप बसला.

अर्धा तास गेला. मी व्हरांड्यात पंधरा पावलं तिकडं, पंधरा इकडं. दारातून बघायचो, परत चालायचो. वस्तादांचा रंग परत आला. शिट्टी थांबली. ओठ खाली बसायला लागला. डॉक्टर म्हणाला, "वाचले. काहीतरी चावलंच असणार." तालमीची पोरं एकमेकांच्या पाठीवर मारायला लागली. आणि मला वाटलं, झालं. संपलं. आता कुणाला काही सांगायची गरज नाही. पुतळीचं दूध चार दिवस ओतून द्यायचं, मल्लूला काहीतरी कारण सांगायचं, बास.

मग डॉक्टरनं छातीला स्टेथोस्कोप लावला. "खोकला किती दिवस?"

"महिना झाला की वो," वहिनी म्हणाल्या.

"कफ खूप साठलाय. या वयात अंगावर काढू नका." कागदावर लिहिलं, नर्सला दिलं. नर्स ट्रे घेऊन आली. मी दारात होतो. बाटलीवरचं नाव मला वाचता आलं.

अँपिसिलीन.

जुन्या बाजारातल्या पुस्तकात एक पान होतं, त्याच्यावर आधीच्या मालकानं लाल पेनानं गोल केलेला. त्या गोलात पेनिसिलीन, अँपिसिलीन अशी सगळी नावं एकाखाली एक. एकच घराणं. एक सोसत नसेल तर दुसरं पण नाही. नर्स सिरिंज भरत होती. मल्लू माझ्याकडे बघत होता. त्याला बाटलीचं कळत नव्हतं, पण माझं तोंड कळत होतं.

"थांबा!" मी ओरडलो. इतक्या जोरात की वस्तादांनी डोळे उघडले. "ती सुई देऊ नका. पेनिसिलीन सोसत नसणार त्यांना. दुधातनं गेलंय."

डॉक्टर वळला. "दुधातून? तुम्ही कोण?"

"म्हशीला दगडी झालेली. काल पेनिसिलीन दिलेलं. तिचंच दूध प्यायलेत."

नर्सचा हात थांबला. डॉक्टरनं दोन सेकंद विचार केला, मग ट्रे बाजूला सारायला सांगितला. केसपेपर घेतला आणि वर मोठ्या अक्षरात लाल पेनानं काहीतरी लिहिलं.

पण खोलीत कुणी हललं नव्हतं. रणधीर मल्लूकडे बघत होता.

"मल्ल्या," तो म्हणाला. "म्हशीला सुया मारून वस्तादास्नी दूध पाजतोस व्हय रं?"

गवळी म्हणजे दूध वाढवायला सुया मारणारच, असं अर्ध्या पेठेचं आधीच मत. कुणी दिली, हे कुणी विचारलंच नाही. मल्लूनं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. फरशीवर चॉकलेटी ठिपके होते.

"चुकलं," मल्लू म्हणाला. "वस्ताद, चुकलं माझं."

रणधीरनं त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मल्लूसमोर कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं पुतळीला आणली पण नाही. पेठेत त्याला 'सुईवाला' म्हणायला लागले. मग तो दूध डेअरीला घालायला लागला, कॅनमधून. त्याच्या आज्याच्या जागेवर दुसरी म्हैस उभी राहिली.

मॅडम बेळगावहून आल्या तोवर हॉस्पिटलची गोष्ट सगळीकडे झाली होती. त्यांनी मला समोर बसवलं.

"तू बोललास म्हणून म्हातारा वाचला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. दोस्ताच्या विरोधात. सोपं नसतं ते."

मी पाय मोडलेल्या कुत्र्याकडे बघत बसलो.

"मी प्रत्येक घरी जाताना दारात दोन मिनिटं थांबते ना? तेच सांगत असते. दूध किती दिवस ओतायचं. तीनदा वदवून घेते."

ती दोन मिनिटं मी आठ महिने कधी ऐकलीच नव्हती. मी तोवर बादली विसळून, पेटी डिकीत टाकून, स्कूटर चालू करून रस्त्यावर उभा असायचो. मला वाटायचं, बिलाचं बोलत असतील.

त्यानंतर त्यांनी मला त्यांची कॉलेजची पुस्तकं दिली. सगळी. मे महिन्यात मी पेपर दिला आणि या वेळी नंबर लागला. निघताना त्यांनी एक पत्र दिलं, दवाखान्याच्या कागदावर. वर्षभर काम केले, हात चांगला आहे, आणि खरे बोलतो. ते पत्र मी कधी कुणाला दाखवलं नाही. टाकून पण दिलं नाही.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे. अजून चार महिने, मग मी खरा डॉक्टर.

परवा मल्लूचा फोन आला. आम्ही बोलतो अधूनमधून, म्हशींचं, क्रिकेटचं. त्या दिवसाचं कधीच नाही. परवा त्यानं सहज सांगितलं, कट्ट्यावर एक जागा सुटलीय. त्याला परत उभं राहायचंय. म्हशी चांगल्या आहेत आता, एक तर पुतळीचीच पोरगी.

"मग उभा राहा की," मी म्हणालो.

"म्हातारी मंडळी नगं म्हणत्यात. सुईवाल्याला जागा न्हाई. रविवारी बसून ठरवणार हाईत. वस्तादास्नी बी बोलावलंय."

"वस्ताद काय म्हणतात?"

"काय म्हणतील?" तो हसला. "जाऊदे. तुझं सांग."

तेव्हापासून मला बसवत नाहीये. जेवताना उठतोय. वॉर्डात दोनदा चुकीच्या गायीपाशी जाऊन उभा राहिलो. कारण एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. मुद्दाम गाळली. चारही वेळा तिथंच पुसलं.

त्या दिवशी मॅडमनी अजून एक विचारलं होतं. पुस्तकं देण्याच्या आधी. कपाट उघडून उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "पेनिसिलीनची एक बाटली कमी आहे, इंद्रजित. मी नसताना मल्लू आला होता का इथं?"

मी म्हणालो, "हो. मी कुत्र्याला खायला घालत होतो. दार उघडंच होतं."

बास. एवढंच. त्यांनी कपाट लावलं. मग पुस्तकं काढली.

हॉस्पिटलमध्ये मी गप्प बसलो, ते एकवेळ घाबरलो म्हणता येईल. इथं मी घाबरलो नव्हतो. इथं मला नुसतं चांगलं म्हणवून घ्यायचं होतं.

इथंपर्यंत लिहून उठलो. मल्लूला फोन लावला. लिहिलंय ते सगळं वाचून दाखवलं, शेवटच्या बाटलीपर्यंत. मागं कुठंतरी बादली वाजत होती.

"मल्लू?"

"म्हणून व्हय," तो म्हणाला.

"काय?"

"दोन वर्षाखाली जिजी अडलीवती. रेडकू आडवं. मी पळत मॅडमच्या दारात गेलतो. दुसऱ्या डॉक्टरला बोलव म्हणाल्या. आत बी घेतलं न्हाई. मला वाटलं, वस्तादांचा राग आसंल."

"मग?"

"मग काय. दुसरा डॉक्टर येईपतोर गेली. रेडकू बी."

मी जिन्यात खाली बसलो. खालच्या मजल्यावर कुणीतरी गाणं लावलं होतं.

"त्या दिवशी तू का बोलला नाहीस?" मी विचारलं. "हॉस्पिटलात. माझं नाव का घेतलं नाहीस?"

"सुई मीच मागितलीवती न्हवं. धार बी मीच काढली. आणि तुझा फॉर्म भरायचा ऱ्हायलावता. वाटलं, ह्यो तरी जाऊदे पुढं. पण चोर बी मीच, हे नव्हतं ठाऊक."

"मल्लू, ऐक—"

"ठेवतो. धारंची वेळ झाली."

"ठेवू नकोस. एक मिनिट."

"आता सांगून काय करालास इंद्र्या? चार महिने ऱ्हायल्यात तुझं. कालेजात कळलं तर काढतील."

"काढूदेत नाहीतर ठेवूदेत. रविवारी मी येतोय. बैठकीत, वस्तादांसमोर, रणधीरसमोर, मी उभा राहून सांगणार, सुई माझी, बाटली मी नेलेली, दुधाचं चुकीचं मी सांगितलेलं. तू मधे एक शब्द बोलायचा नाहीस. आणि रविवारपर्यंत थांबत नाही मी, मल्लू. हा फोन ठेवला की आधी मॅडमना लावतो. नाही उचलला तर परत लावतो. उचलेपर्यंत लावतो."